‘डेकखालचा फोम काढा, फुकटात स्टोरेज मिळवा’ म्हणे!

मागच्या रविवारी मेहुण्याचा फोन. "दाजी, बोटीच्या मागच्या डेकखालचा तो पिवळा फोम काढला तर चालतो ना? अर्धा काढून झालाय." आधी करायचं आणि मग विचारायचं ही त्यांच्या घराण्याची जुनी रीत, बायको हे वाचणार आहे तरी लिहितोय.

झालं असं की त्याने गेल्या महिन्यात एक जुनी बास बोट (बास नावाचा मासा धरायची बोट) घेतली, अठरा फूट नऊ इंच, फायबरग्लासची, मागे १५० हॉर्सपॉवरची फोर-स्ट्रोक मोटर. टेक्सासात राहून लेक फोर्कवर बास धरायला जायचं तर स्वतःची बोट हवीच असं त्याचं म्हणणं, आणि बोट आली की स्टोरेज कमी पडतं आणि शॅलो वॉटर अँकर हवासा वाटतो हे ओघाने आलंच. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रान्समवर, म्हणजे मोटर लटकते त्या मागच्या उभ्या फळीवर, बसवलेला खांब. बटण दाबलं की खाली जाऊन तळात रुततो आणि बोट जागच्या जागी उभी राहते. पॉवर-पोल कंपनीचा हायड्रॉलिक, हात उलगडल्यासारखा खाली जातो, ८ आणि १० फुटी जास्त दिसतात. मिन कोटा कंपनीचा टॅलन विजेवर सरळ उभा खाली उतरतो, तो १५ फुटांपर्यंत मिळतो.)

तर नेमका त्याच वेळी एक फॉरवर्ड फिरत आला, 'बास बोटीची सहा गुपितं जी डीलर तुम्हाला कधीच सांगणार नाही'. इंग्रजीवरून कोणीतरी मराठी केलेला आहे आणि माझ्याकडेच तो तीन ग्रुपवरून आला. थोडक्यात म्हणणं असं: डेकखालचा फोम नुसता आवाज दाबायला भरलेला असतो तो काढून तिथे बॉक्स बसवा, अँकरला चार सेल्फ-टॅपिंग स्क्रू आणि सिलिकॉन पुरतं, वायर थेट बॅटरीला लावा फ्यूजची भानगड नको, जड सामान सगळं मागे ठेवा बोट पळते, पोल असला की दोरीचा अँकर घरी ठेवा, आणि लाइफ जॅकेट पिशवीतून न काढता तळाशी ठेवा म्हणजे नवीन राहतात.

सहापैकी एकही जसाच्या तसा धड नाही. पण पहिला मुद्दा माणूस बुडवणारा आहे म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो.

फोम आवाज दाबतो का? दाबतो. काही बोटींत डेकला आधारही देतो. पण तो भरतात तो बोट पाण्याने भरली तरी तरंगत राहावी म्हणून. आणि हे माझं मत नाही, अमेरिकेचा फेडरल नियम आहे, सीएफआरचा (म्हणजे केंद्रीय नियमांच्या संग्रहाचा) टायटल ३३, पार्ट १८३, सबपार्ट जी. वीस फुटांपेक्षा लहान, एकाच हलची (म्हणजे एकाच सांगाड्याची), २ हॉर्सपॉवरच्या वर आउटबोर्ड (मागे लटकणारी मोटर) लागणारी बोट बनवली तर ती पाण्याने भरल्यावर, माणसांचं आणि मोटरचं ठरलेलं वजन धरून, जवळपास सपाट तरंगली पाहिजे. टेस्टमध्ये एका बाजूला १० अंशांपेक्षा जास्त कललेली चालत नाही. लेव्हल फ्लोटेशन म्हणतात त्याला. मेहुण्याची बोट अठरा-नऊ, म्हणजे सरळ सरळ या नियमातली.

आता हा फोम मागे का असतो ते बघा. १५० ची फोर-स्ट्रोक साडेचारशे ते पाचशे पाउंडांची, वर बॅटऱ्या, पंप, सगळं ट्रान्समपाशी. बोट भरली की मागची बाजूच आधी खाली जाणार. ती धरून ठेवायला फोम मागे लागतो. तो काढलात तर बोट पूर्ण बुडणार नाही कदाचित, पण ढुंगण खाली आणि नाक वर अशी बाटलीसारखी उभी राहील, आणि तुम्ही निसरड्या नाकाला नखं लावून लटकाल. सपाट तरंगणाऱ्या बोटीत निदान कमरेएवढ्या पाण्यात बसून वाट बघता येते.

हिशोबही सोपा आहे. एक घनफूट गोडं पाणी ६२.४ पाउंडांचं. बोटीत भरतात तो फोम घनफुटाला साधारण २ पाउंडांचा. म्हणजे दर घनफूट फोम साठेक पाउंड वजन उचलून धरतो. मेहुण्याने चार घनफूट तरी काढला होता, म्हणजे २४० पाउंड, दीड माणूस. आणि त्या रिकाम्या जागेत हा काय ठेवणार, तर शिशाची वजनं आणि टॅकलचे (गळ-दोरीच्या सामानाचे) ट्रे! उचलणारं काढून बुडवणारं भरायचं.

यावर ग्रुपवर एक जण म्हणाला की नियम बोट बनवणाऱ्याला आहे, मालकाला नाही. बरोबर आहे बाबा. तू फोम काढलास म्हणून कोणी तिकीट फाडायला येणार नाही. पाणी येईल.

अर्धं खरं एक आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जुना फोम पाणी पितो. क्लोज्ड-सेल (बंद बुडबुड्यांचा) असला तरी वर्षानुवर्षं बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या, पाण्यात बसला की भिजतो आणि मग तो तरंगवत तर नाहीच, वर फुकटचं वजन वाहायला लावतो. मेहुण्याकडे व्हिडिओ कॉलवर मी म्हटलं एक तुकडा हातात घे आणि पीळ. वरचा तुकडा कोरडा, कुरकुरीत, चुरा झाला. तळाचा घेतला तर मुठीतून तपकिरी पाण्याची धार लागली, "दाजी, गटारासारखा वास येतोय." असा फोम काढायलाच हवा, वाद नाही. पण काढला की त्याच जागी तेवढाच नवीन भरायचा, तिथे ड्रॉवर बसवायचा नाही. आणि दोन भाग मिसळून ओतायचा फोम असेल तर थोडा थोडा ओता, एकदम ओतलात तर फुगून डेकच वर उचलतो.

स्टोरेज हवंय ना? मग आहे ते लॉकर नीट करा. ट्रे उभे लावायला रॅक करा, झाकणाच्या आतून जाळीचे खिसे लावा, रॉड लॉकरमध्ये ट्यूब घाला. माझ्या स्वतःच्या बोटीत एवढ्याने दोन डबे कमी झाले, खरं तर अर्धं सामान वापरतच नव्हतो.

आता स्क्रू आणि सिलिकॉन. पोल ८ फूट खाली रुतलेला, वाऱ्याने बोट ढकलली जाते, म्हणजे ८ फुटी पहार लावून कोणीतरी तुमचा ब्रॅकेट उचकटतंय असं समजा. टोकाला ५० पाउंड जोर आला तर ब्रॅकेटपाशी ४०० फूट-पाउंड. खांब लवचिक असतो म्हणून थोडं सोसतो, पण लाट आली की झटका बसतोच, आणि हे दिवसभर. सेल्फ-टॅपिंग स्क्रू हळूहळू भोक मोठं करतो. दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्याच्या बोटीवरचा असला ब्रॅकेट मी काढला, चारातले तीन स्क्रू बोटांनी निघाले, चौथ्यामागून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं ते जेवून आलो तरी ठिबकतच होतं. जुन्या बोटींत ट्रान्समच्या आत प्लायवूड असतं, ते कुजलं होतं. म्हणजे ज्या लाकडावर मोटर लटकते तेच.

आरपार बोल्ट, आतून बॅकिंग प्लेट (जोर पसरवणारी पट्टी), आणि सिलिकॉन नाही तर मरीन सीलंट. पाण्याच्या रेषेखाली सिलिकॉन धड धरत नाही आणि नंतर त्या जागेवर दुसरं काही चिकटू देत नाही. लाकूड असेल तर भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, मग त्यात हव्या मापाचं पाडा, पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. वरच्या गेलकोटला (फायबरग्लासवरच्या चकचकीत थराला) भोकाच्या तोंडाशी हलकी खाच द्या, नाहीतर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा जातात. आणि खरं सांगू का, जॅक प्लेट (मोटर वरखाली करायची पट्टी) असेल तर ट्रान्सम आणि प्लेटच्या मध्ये बसणारा सँडविच ब्रॅकेट मिळतो, मोटरच्याच बोल्टांवर बसतो, बोल्ट तेवढे लांब घ्यावे लागतात. नवीन भोकच नाही! पण असलं साधं सांगितलं तर त्याला गुपित कोण म्हणणार.

फ्यूजबद्दल फॉरवर्डवाला विचारतो की मोटरच्या जाड केबलला कुठे फ्यूज असतो. नसतो, स्टार्टरच्या केबलला सूट आहे. तेवढ्यावर अँकरच्या पंपालाही नको, हा कुठला न्याय? फ्यूज पंपासाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठेतरी घासून उघडी पडली की बॅटरी आपला सगळा करंट त्यातून ओतते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी. एबीवायसी या अमेरिकन बोट-मानक संस्थेचा ई-११ नियम म्हणतो बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्यूज किंवा ब्रेकर, वायर पूर्ण नळीत असेल तर ७२ इंचांपर्यंत सवलत. सक्तीचा कायदा नाही, पण चांगले रिगर (बोटीवर सामान बसवणारे) यावरच चालतात. किती अँपिअरचा ते अँकरच्या मॅन्युअलमध्ये असतं. आणि पॉवर-पोलचा पंप १२ व्होल्टचा आहे, तो ट्रोलिंग मोटरच्या (मासे धरताना वापरायच्या छोट्या विजेच्या मोटरच्या) ३६ व्होल्टच्या सेटला जोडू नका, हेही सांगावं लागतं.

जड सामान मागे ठेवलं की टॉपला बोट थोडी पळते, हे खरं आहे, नाक उचललं जातं. पण प्लेनवर यायला (पाण्यावर उचलून घसरायला) वेळ लागतो, नाक वरखाली उड्या मारतं, आणि पोल दोन लावलेत तर मागे आधीच वजन वाढलंय. लाइव्हवेल (धरलेले मासे जिवंत ठेवायची टाकी) भरलं की ३० गॅलनला अडीचशे पाउंड पाणी, ते कोणी मोजतच नाही. वीस फुटांखालच्या बोटीला कपॅसिटी प्लेट असते, माणसं, मोटर आणि सामान सगळं मिळून किती पाउंड ते तिच्यावर छापलेलंय. एकदा वाचा.

दोरीचा अँकर घरी ठेवा म्हणणाऱ्याने वीस फूट पाण्यात मोटर बंद पडलेली बघितलेली नसावी. पोल तिथे तळाला पोचतच नाही, खडकात रुतत नाही. शिवाय तो मागे असतो, वारा चढला की लाटा ठेंगण्या ट्रान्समवरून आत येतात. अशा वेळी पोल वर घ्यायचा आणि अँकर नाकावरून टाकायचा.

लाइफ जॅकेटबद्दल कोस्ट गार्डचा शब्द आहे, पटकन हाताशी. पिशवीत बंद आणि वर तीन डबे म्हणजे हाताशी नाही. तळाशी हात घातलाच आहे तर फायर एक्स्टिंग्विशरची तारीखही बघून घ्या, डिस्पोजेबल असेल तर बनवल्यापासून १२ वर्षांनी तो बाद.

मेहुण्याला म्हटलं कोरडा फोम फेकू नकोस, किती काढला ते मोजायला लागेल. कचऱ्याच्या साडेतीन काळ्या पिशव्या भरून गॅरेजमध्ये ठेवल्यात त्याने. शनिवारी जातोय, तोपर्यंत ड्रिल माझ्या सासूबाईंच्या ताब्यात आहे.