‘दोनशे-तीनशे रुपयांनी संस्था चालत नाही’ म्हणे!

पुण्यातल्या संस्थाचालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, पण सूर असा की वाद घालायची सोय नाही. ‘लहान संस्थांनी मासिक देणगी योजनेच्या नादी लागू नये,’ असं म्हणून त्याने सहा गोष्टी सांगितल्यात. आपल्या लोकांना दरमहा द्यायची सवय नाही. दोनशे-तीनशे रुपयांतले निम्मे कमिशन आणि कागदपत्रांत जातात. ऑटोपेमध्ये, म्हणजे खात्यातून दरमहा आपोआप पैसे जाण्याच्या सोयीत, न कळत पैसे कापले जातात म्हणून लोक घाबरतात. नव्या करपद्धतीत 80जीची, म्हणजे देणगीवरची, करसवलत नाही, म्हणजे देणगीदार संपला. त्यापेक्षा एक सीएसआरवाली, म्हणजे नफ्यातला वाटा सामाजिक कामाला देणारी, कंपनी धरा. आणि कमी पडेल ते सभासदांच्या परदेशातल्या मुलांकडून घ्या.

दोन-तीन छोट्या संस्थांचे हिशेब मी बघते, त्यामुळे हा मजकूर मला वेगवेगळ्या गटांतून येतच राहिला. खाली दर वेळी जोडलेल्या हातांची रांग. एका विश्वस्तांनी तो बैठकीत वाचून दाखवला आणि योजनेचा विषय तिथेच गुंडाळला गेला. म्हणून हे लिहायला घेतलं.

सवयीचं आधी बघू. ज्या शहरात गरीब मुलं वार लावून जेवली आणि शिकली, त्या शहरात बसून हे वाक्य लिहायला धाडसच हवं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. नात्यागोत्यात नसलेल्या मुलाचं ताट आठवड्यातल्या एका ठरलेल्या वारी वाढलेलं असायचं, आणि हे वर्षानुवर्षं चालायचं. 1909 साली निघालेलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, माधुकरीच्या आधारावर उभं राहिलं. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पना तर इतकी साधी की आज कुठल्याही सल्लागाराला सुचणार नाही: माणशी वर्षाला एक पैसा. त्या पैशा-पैशातून 1908 साली तळेगावात काचेचा कारखाना निघाला. हिंगण्याच्या महर्षी कर्व्यांच्या संस्थेचा भाऊबीज फंड पुण्यातल्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. दिवाळी आली की संस्थेच्या बायका दारात यायच्या आणि घरातली मंडळी बहिणीला घालावी तशी ओवाळणी घालायची. रक्कम किरकोळ असायची, पण पुढच्या वर्षी त्या पुन्हा येणार हे दोन्ही बाजूंना माहीत असायचं.

या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या आहेत. वेळ ठरलेली, रक्कम न बोचणारी आणि मागणारं माणूस ओळखीचं. पहिल्या दोन आजही सोप्या आहेत. ज्या घरांतून दरमहा पाच तारखेला एसआयपी आणि दहाला हप्ता जातो, त्यांना महिन्याला पैसे वळते करणं नवीन नाही. तुटलीय ती तिसरी गोष्ट. गणपतीची वर्गणी अजून जमते, कारण पावती फाडणारा मुलगा गल्लीतला असतो आणि त्याला नाही म्हटलं तर उद्या जिन्यात भेटणार असतो. आपण मात्र क्यूआर कोडचं पोस्टर चिकटवतो आणि लोक देत नाहीत म्हणून लोकांच्या सवयींना नावं ठेवतो.

म्हणून योजना सुरू करायची तर आधी वही उघडावी. सलग दोन वर्षं आपणहून ज्यांनी काही दिलं त्यांची नावं काढावीत. त्यानंतर आपले माजी विद्यार्थी, पालक, शनिवारी येऊन काम करणारे कार्यकर्ते. या प्रत्येकाला ओळखीच्या माणसाने प्रत्यक्ष भेटून किंवा फोनवर विचारायचं. अनोळखी हजार लोकांना पाठवलेल्या निरोपापेक्षा ही पन्नास नावं जास्त कामाची, हे मी छातीठोकपणे सांगेन.

कमिशनचा मुद्दा पाटीवरच्या हिशेबाने संपतो. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या गेटवेचं शुल्क साधारण दोन टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला, तर 300 रुपयांवर सात रुपये जातात. ‘निम्मे’ कुठून आले ते लिहिणाराच जाणे. पन्नास रुपयांच्या देणगीला ठरावीक शुल्कं जड जातात हे खरं, म्हणून किमान रक्कम दोनशे-तीनशेच्या खाली ठेवू नये. 300 रुपये देणारे दीडशे जण जमले तर महिन्याला 45,000 होतात. यात संस्था चालत नाही, कबूल. पण खोलीचं भाडं, विजेचं बिल आणि एखाद-दुसऱ्या कार्यकर्तीचं मानधन, म्हणजे ज्या खर्चांना कुठलाही मोठा दाता आपलं नाव द्यायला तयार नसतो ते खर्च, यातून निघतात. खरा खर्च गेटवेचा नाहीच, तो माणसाचा आहे. आठवड्यातला निदान अर्धा दिवस कुणीतरी याच कामाला बसावं लागतं. ते माणूस नसेल तर योजना सुरू करू नका, हे मीही सांगेन.

आता ऑटोपे. मजकुरातला हा मुद्दा नियमाच्या दृष्टीने साफ चुकीचा आहे आणि माणसांच्या दृष्टीने अर्धा बरोबर.

नियम असा: कार्ड असो वा यूपीआय, दरमहा कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना खातेदाराला किमान 24 तास आधी मिळाली पाहिजे आणि त्याला ती थांबवता आली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेने घालून दिलंय. 15,000 रुपयांच्या वरच्या देणगीला दर वेळी वेगळी मंजुरी लागते. जुलै 2020 मध्ये आलेल्या यूपीआय ऑटोपेत तर देणगीदार स्वतःच्या फोनवरून परवानगी रद्द करू शकतो; संस्थेला विचारायचीही गरज नाही. तेव्हा न कळत पैसे जाण्याचा प्रश्न येत नाही. उलट आपलं नाव दर महिन्याला त्याच्या डोळ्यांसमोर येतं, आणि महिनाभर आपण त्याला काहीच कळवलं नसेल तर त्याच क्षणी त्याला वाटतं, ‘हे कशाला चालू ठेवलंय मी?’

भीती मात्र खरी आहे. सायबर फसवणुकीच्या बातम्या रोज वाचणाऱ्या कोथरूडमधल्या आजोबांना आपण व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली आणि त्यांनी ती उघडली नाही, तर ते शहाणे आहेत. त्यांना ऑटोपेवर आणण्याचा हट्ट करू नये. सही करून द्यायचा नाचचा (एनएसीएच, म्हणजे ठरलेल्या तारखेला खात्यातून पैसे वळते करणारी बँकांची व्यवस्था) कागदी फॉर्म असतो, दरमहा ठरलेली रक्कम पाठवा अशी स्थायी सूचना बँकेत स्वतः जाऊन देता येते. तेही नको असेल तर वर्षाचे 3,600 एकदम चेकने घ्या. फक्त पुढच्या वर्षी त्याच महिन्यात फोन करायचा हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझ्या वहीत हे आजोबा मासिक देणगीदारांतच मोजले जातात. आणि संस्थेतलं कुणीही, कधीही, कोणाकडेही ओटीपी मागणार नाही, हे पावतीवर ठसठशीत छापा.

यापुढचा भाग त्या मजकुरात नाहीच, आणि योजना मोडतात त्या इथेच. उद्घाटनाला टाळ्या पडतात, पहिला महिना उत्साहात जातो, आणि तिसऱ्या महिन्यात बँकेकडून परत आलेल्या व्यवहारांची यादी येते. खात्यात शिल्लक नव्हती, कार्डाची मुदत संपली, खातं दुसऱ्या बँकेत गेलं, फोन बदलला. ऑक्टोबर 2021 मध्ये कार्डांसाठीचे नवे नियम लागू झाले तेव्हा दरमहा पैसे कापायच्या पुष्कळ जुन्या परवानग्या बंद पडल्या. देणगीदारांनी मन बदललं नव्हतं, तरी पैसे येणं थांबलं. शंभरातले तीन जण दर महिन्याला गळाले तर वर्षअखेर 69 उरतात. पाच गळाले तर 54. यातले कोण ठरवून गेले आणि कोणाचं फक्त कार्ड बदललं, हे फोन केल्याशिवाय कळत नाही. आणि तो फोन करायचं काम कोणाचं, हे बहुतेक संस्थांत ठरलेलंच नसतं.

नाचमध्ये एक आणखी भानगड आहे. शिल्लक नसल्याने व्यवहार परत गेला की बऱ्याच बँका खातेदाराला दंड लावतात, तोही काही शे रुपयांचा. म्हणजे 300 रुपये देऊ पाहणाऱ्या माणसाचे 300 आपल्याला मिळत नाहीत आणि त्याच्या खिशातून वर दंड जातो. असा माणूस परत येईल? म्हणून तारीख देणगीदाराला विचारून ठेवावी. निवृत्तिवेतन आणि पगार महिना संपताना किंवा लागताच जमा होतात. हप्ते आणि एसआयपी त्यानंतर खातं रिकामं करतात. दोन-तीन तारखांचे पर्याय ठेवले की भागतं. परत आलेला व्यवहार गुपचूप पुन्हा लावू नये, आधी बोलावं. बोलणारी व्यक्ती शक्यतो तीच असावी, जिने पहिल्यांदा देणगी मागितली होती.

80जीबद्दल मजकुरातली माहिती बरोबर आहे, निष्कर्ष नाही. 2023-24 या आर्थिक वर्षापासून नवी करपद्धती, वेगळी निवड केली नाही तर, आपोआप लागू होऊ लागली आणि तिच्यात ही वजावट मिळत नाही. पण जुन्या पद्धतीत तरी किती मिळत होतं? वर्षाचे 3,600, त्यातल्या निम्म्यांची म्हणजे 1,800 ची वजावट, वीस टक्क्यांच्या पायरीवर उपकरासह कर वाचतो 374 रुपये. तीस टक्क्यांवर 562. एवढे वाचावेत म्हणून 3,600 देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सदाशिव पेठेतही नाही. मार्चमध्ये पन्नास हजारांचा चेक देणाऱ्याला 80जी महत्त्वाचं असतं, तीनशेवाल्याला पावती वेळेवर मिळाली की पुरतं.

कागद मात्र नेटके हवेत. 2021-22 पासून देणगीदारांचं वार्षिक विवरण ओळख क्रमांकासकट भरावं लागतं, 31 मेची मुदत चुकली तर दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क. शिवाय गुप्तदानाचं पुण्य देणाऱ्याला लागत असेल, पण संस्थेला कर लागू शकतो: नाव-पत्ता नसलेल्या देणग्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यातल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या की त्यावर 30 टक्के. जत्रेतल्या स्टॉलवर क्यूआर लावून जमवलेल्या पैशाचा हा ताप आहे. मासिक देणगीदाराची मात्र सगळी नोंद पहिल्याच दिवशी होते.

सीएसआर मिळत असेल तर जरूर घ्या, त्याला कोण नाही म्हणतंय? पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा शेजारी असताना न घेणं वेडेपणाच. 2013 च्या कंपनी कायद्यातल्या कलम 135 ने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के खर्च करायला लावले, आणि त्यातून पुष्कळ चांगली कामं उभी राहिली. पण तो पैसा प्रकल्पाचा असतो. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर झाला तरी सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं. त्यानंतर कंपनीचं धोरण बदलतं, किंवा ज्या अधिकाऱ्याने आपलं काम पाहिलं होतं त्याची बदली चेन्नईला होते. दोन प्रकल्पांच्या मधल्या पाच-सहा महिन्यांत शिकवणाऱ्या ताईंना मानधन कुठून द्यायचं? प्रशासकीय खर्चाच्या पाच टक्क्यांवर बऱ्याच विश्वस्तांची भिस्त असते, पण ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चावर आहे. संस्थेच्या कार्यालयाला पाच टक्के मिळतील असा तिचा अर्थ नाही. दीडशे मासिक देणगीदार हाताशी असलेली संस्था कंपनीच्या टेबलावर निदान घाई न करता बसू शकते.

परदेशातल्या मुलांबद्दलचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, अडचणीत आणणारा आहे. मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी धरली जात नाही. तो अमेरिकेचा नागरिक झाला की धरली जाते, मग हातात परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो किंवा पैसे इथल्या खात्यातून रुपयांत आलेले असोत. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला अशी एक रुपयाचीही देणगी घेता येत नाही. नोंदणी असली तरी ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. मासिक देणगीत धोका असा की परवानगी दिली तेव्हा मुलगा भारतीय नागरिक होता, तीन वर्षांनी नागरिकत्व बदललं, आणि दर महिन्याचे हजार रुपये सुरूच राहिले. आई-वडील आनंदात, खजिनदाराला पत्ता नाही. म्हणून फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना ठेवा, परदेशी राहणाऱ्या प्रत्येक देणगीदाराला दर एप्रिलमध्ये ईमेलने तोच प्रश्न पुन्हा विचारा, उत्तर फाइलला लावा, आणि उत्तर येईपर्यंत त्याची वर्गणी थांबवून ठेवा.