दाळ मिल विकत घ्या, नावीन्य आपोआप येते

शेतकरी उत्पादक कंपनी काढली ना राजेहो? बेस केलं. 10 शेतकरी जमले की कंपनी होते, 2002 मध्ये कायद्यातच तशी सोय झाली. बोर्ड लागला, अध्यक्षांच्या गळ्यात हार पडला. पण गावातलं सोयाबीन गोळा करून त्याच आडत्याला विकायचं, हे कंपनीच्या इभ्रतीला शोभत नाही. कंपनी कशी नाविन्यपूर्ण दिसली पाहिजे.

त्यासाठी आधी संस्कृती लागते. ती पेंटरकडे मिळते. गोदामाच्या भिंतीवरच्या खताच्या जाहिरातीवर चुना मारा आणि लिहून घ्या : विश्वास, पारदर्शकता, नावीन्य, कुटुंब. पेंटर 'पारदर्शकता' चुकवेल. चुकू द्या, तिकडे पाहतो कोण? 'कुटुंब' मात्र ठळक पाहिजे. हमालानं हमाली वाढवून मागितली की त्याच शब्दाकडे बोट दाखवायचं. अर्ध्या संचालकांचे सख्ख्या भावाशी शेताच्या धुऱ्यावरून खटले चालू आहेत हे खरं, पण ते भिंतीवर लिहायचं नसते.

मोठ्या कंपन्यांचं सगळंच मात्र उचलू नका. अमेरिकेतली झॅपोस ही जोडे विकणारी कंपनी नव्या माणसाला प्रशिक्षणानंतर सांगायची, मन लागत नसेल तर हे 2,000 डॉलर घे आणि जा. बहुतेक लोक राहायचे. अमेझॉननं 2009 मध्ये ती कंपनीच घेऊन टाकली. आपल्याकडे असं काही जाहीर कराल तर संध्याकाळी गोदामात फक्त घुशी उरतील. पाडव्याला ठेवलेला सालदार पोळ्यापर्यंत टिकवताना काय होते, ते तुम्हाला मी सांगू? गूगलच्या संस्थापकांनी 2004 मध्ये भागधारकांना कळवलं होतं, की आमच्या लोकांनी 20 टक्के वेळ स्वतःच्या डोक्यातल्या कामाला द्यावा असं आम्ही सांगतो. याबाबतीत आपण कितीतरी पुढे आहोत. आपला हिशेबनीस दुपारनंतरचा सगळा वेळ पानठेल्यालाच देतो.

आता खरा डाव. स्वतः काही शोधत बसू नका. शोध लागायला वर्षं जातात, विकत घ्यायला एक ठराव पुरतो. गूगलनं अँड्रॉइड 2005 मध्ये घेतलं, यूट्यूब 2006 मध्ये 1.65 अब्ज डॉलरला. फेसबुकनं 2012 मध्ये इन्स्टाग्रामसाठी 1 अब्ज मोजायचं कबूल केलं तेव्हा तिथे कामाला 13 माणसं होती. एवढी माणसं आपल्याकडे एका काळीपिवळीत मावतात, ड्रायव्हर वेगळा.

तुमच्या नजरेत शेजारच्या गावातल्या बचत गटाची मिनी दाळ मिल असेलच. तिची दाळ पिवळीधमक निघते, म्हणून घ्यायची. का निघते, या फंदात पडायचं नाही. तिथली एक बाई तेल-पाणी लावून वाळत घातलेल्या तुरीतला दाणा उचलते, दाताखाली धरते, कट् आवाज ऐकते आणि म्हणते, "अजून ओली हाये बाप्पा, उद्या लावू." बाकीच्या मुकाट्यानं ताडपत्री ओढून घेतात. भिंतीवर एक अक्षर नाही, रजिस्टर नाही, बैठकीचा भत्ता तर नाहीच. अशा ठिकाणी शिस्त लावायला वाव भरपूर असतो.

मिल ताब्यात आली की त्या बाईच्या हातात ओलावा मोजायचं यंत्र द्या आणि मिल सुरू करायला तीन सह्या लागतील असं परिपत्रक काढा. तिसरी सही अध्यक्षांची. अध्यक्ष यवतमाळला गेले असले तर तूर वाट पाहील. पाहता पाहता पाऊसही येईल. मग दाळ कमी आणि चुरी जास्त निघू लागली की बाईला बोलावून भिंतीवरचं 'विश्वास' वाचून दाखवा.

कोणी आगाऊ संचालक डिस्नीचा दाखला देईल. 2006 मध्ये डिस्नीनं 7.4 अब्ज डॉलरला पिक्सार ही ॲनिमेशनचे सिनेमे काढणारी कंपनी घेतली, तिची रीत तशीच राहू दिली, वर आपला ॲनिमेशन स्टुडिओही पिक्सारच्याच माणसांच्या हाती सोपवला. ऐकू नका त्याचं. उद्या तो म्हणेल, आपल्या सोयाबीनचा भावही त्या बाईलाच ठरवू द्या! त्यापेक्षा मायक्रोसॉफ्टकडे पाहा. 2014 मध्ये नोकियाचा फोनचा धंदा घेतला, पुढच्याच वर्षी 7.6 अब्ज डॉलर बुडीत मांडले आणि हजारोंना घरी पाठवलं. कंपनी तरी जागच्या जागी. बुडवायलाही ऐपत लागते, आणि आपल्याकडे भागभांडवल लोकांचं आहे.

दोन हंगामांत मिल भंगारात जाईल. आमसभेत त्याला 'धोरणात्मक माघार' म्हणा आणि लगेच चहा फिरवा. तोवर त्या बाया तुम्ही दिलेल्या पैशातून नवी मिल टाकून मोकळ्या झालेल्या असतील, दाळही पुन्हा पिवळीधमक. तीही घ्यायची आहे. या वेळी त्या किंमत दुप्पट सांगतील, तेव्हा ठराव आत्ताच करून ठेवा.