पामला हजामत लागत नाही हो

मागच्या रविवारी आम्ही अकरा पामवेडे बागा बघत फिरलो, आणि "ताई तुम्ही लिहा, ताई तुम्ही लिहा" करत ग्रुपवर तीन दिवस कटकट चालू आहे म्हणून लिहितेय. फोटो काकांनी टाकलेच आहेत, मी फक्त भांडण टाकते.

आधी एक खुलासा. पाममध्ये बघायचं काय एवढं, असं आमच्या घरीही विचारतात. ह्यांचं म्हणणं, गावात केळी, शिवारात केळी, ताटात केळी, आता तुला अजून एक फांद्या नसलेलं झाड कशाला पाहिजे. तर जगात पामच्या साधारण २६०० जाती आहेत आणि तिकडे अमेरिकेत १९५६ पासून पामवाल्यांची सोसायटी आहे, वेडे फक्त जळगावातच नाहीत. आमची सोसायटी वगैरे काही नाही, नुसता व्हॉट्सॲप ग्रुप, त्यात निम्मे जण गुड मॉर्निंगवाले.

सकाळी सातला मेहरूण तलावावर जमलो, चहा-पोहे झाले, आणि पहिलं भांडण तिथेच. एका नवीन भाऊंनी मोबाईलवर घरचा सायकस दाखवला, "माझा पाम बघा". तो पाम नाहीच हो! त्याला फूल येत नाही, शंकू येतो, त्याची खानदानच वेगळी आणि फुलझाडांपेक्षा कितीतरी जुनी. मग ट्रॅव्हलर्स पामचा विषय निघाला, तोही पाम नाही, तो आपल्या केळीच्या गोतावळ्यातला. हे ऐकून भाऊ म्हणे, म्हणजे मी नर्सरीत पैसे देऊन केळीची चुलत बहीण घरी आणली का? जळगावच्या माणसाचं दुःख समजू शकते मी.

पहिली बाग एका रिटायर्ड काकांची, प्लॉट फार मोठा नाही पण त्यात जे लावलंय ना! मादागास्करचा बिस्मार्क पाम आहे, पंख्यासारखं पान आणि रंग असा निळसर चंदेरी की कुणी प्रायमर मारून ठेवलाय असं वाटतं. कोपऱ्यात खरा बॉटल पाम, बुडाशी सुरईसारखा फुगलेला. हा मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. आपल्याकडे रस्त्याकडेच्या प्रत्येक उंच पामला बॉटल पाम म्हणतात, ते बहुतेक रॉयल पाम असतात, क्यूबाकडचे. काका हे दिवसातून चार वेळा समजावतात, त्यांच्या माळ्याला सुद्धा पाठ झालंय.

पण मला बघायचा होता त्यांचा रॉयल. दोन वर्षांपूर्वी त्याची नवी पानं वाकडीतिकडी, टोकं करपलेली, चुरगळलेल्या कागदासारखी यायला लागली होती. जो तो म्हणाला खोड पोखरणारा सोंड्या भुंगा लागला, काढून टाका. काका हट्टी. त्यांनी खोड ठोकून पाहिलं, भोक नाही, भुसा नाही, आंबूस वास नाही. मग लक्षात आलं की आपली काळी माती, त्यात चुनखडी आणि वर बोअरचं जड पाणी, अशा जमिनीत मँगनीज असलं तरी मुळाला मिळत नाही. मँगनीज सल्फेट दिलं आणि वाट पाहिली, आणि वाट पाहणं हेच पाममध्ये मोठं काम आहे कारण खराब झालेलं पान काही सुधरत नाही, पुढचं चांगलं येतं का तेवढंच बघायचं. परवा बघितलं तर चुरगळलेली दोन पानं खाली लोंबतायत आणि वर सगळी कंगव्यासारखी सरळ. काकांनी ती दोन मुद्दाम ठेवलीत, पाहुण्यांना दाखवायला.

आता भांडण. तिथून आम्ही एका सार्वजनिक बागेत गेलो, नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गेटपासून कारंज्यापर्यंत दोन्हीकडे रॉयल पाम, उंची मस्त, आणि सगळ्यांची हजामत केलेली. प्रत्येकाच्या डोक्यावर चार-पाच पानं उभी, बाकी हिरवीगार पानं कापून भिंतीशी ढीग. मी ढिगातलं एक पान ओढून बघितलं, माझ्यापेक्षा लांब, देठाकडचा भाग ओला, आदल्या दिवशीच कापलं असणार. विचारलं तर तिथला माणूस म्हणे, "मॅडम, साफसफाई केली, झाड वर जाईल."

अरे कुठे वर जाईल?

आंबा-लिंब छाटला की बाजूने फुटतो, ती सवय आपल्या हाताला आहे. बहुतेक पामना वाढायची जागा एकच, शेंड्यातला कोंब. खोड कुठेही कापा, जखम भरत नाही, वर साल चढत नाही, कारण ते खोड आंब्यासारखं जाड होत जाणारं नाहीच. झाडाने खायचं ते या पानांवर, आणि जुनी पिवळी पडत असलेली पानं सुद्धा फुकट नसतात, पोटॅश कमी पडलं की झाड ते जुन्या पानातून ओढून नव्याला देतं. तुम्ही पिवळं पान कापलं की ते त्याच्या वरच्या पानातून ओढायला लागतं, मग तेही पिवळं, मग तुम्ही तेही कापता आणि म्हणता रोग पडला. वर ओल्या जखमेच्या वासाला सोंड्या भुंगा येतो तो वेगळाच. आणि सगळ्यात कहर म्हणजे रॉयल आणि फॉक्सटेल हे दोन्ही पाम वाळलेलं पान आपलं आपण टाकून देतात! ज्याला हजामत लागतच नाही त्याचीच आपण बिलं काढतोय.

हां, एक मान्य. रॉयलचं पान जड असतं, खाली गाडी किंवा माणूस असेल तर भीती खरी आहे. मग वाळून लोंबायला लागलेलं तेवढं उतरवा, कोण नाही म्हणतं. नाहीतर पार्किंगवर रॉयल लावूच नका. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्या कोवळ्या कोंबावर सावली कोण धरणार, ठेकेदार?

मी हे सगळं जरा मोठ्याने बोलले. तो बिचारा माणूस म्हणे, मला सांगितलं तेवढं केलं. त्याचंही बरोबर. काकांनी मला हाताला धरून गाडीत बसवलं.

शेवटचा मुक्काम पारोळ्याच्या अलीकडे, ग्रुपमधल्या एकाच्या मामांचं शेत. तिथे जायचं कारण भरीत. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, कळण्याची भाकर, कांद्याची पात, विषय संपला. पण त्या शेताच्या कडेने नाला आहे आणि नाल्यावर शिंदी, म्हणजे आपला जंगली खजूर, तोही पामच. सतरा मोजल्या आम्ही. कुणी लावल्या नाहीत, पाणी घातलं नाही, खत तर सोडाच. खोडावर जुन्या देठांचे खवले, एकीवर सुगरणीची गेल्या पावसाळ्यातली तीन घरटी वाळून लोंबतायत. फॉक्सटेल १९८३ मध्ये शास्त्रात नोंदला गेला, ऑस्ट्रेलियातल्या एका डोंगरावरून निघून आपल्या प्रत्येक बंगल्याच्या गेटवर पोचला. आणि जिच्या पानाच्या केरसुणीची लक्ष्मीपूजनाला आपण पूजा करतो, ती शिंदी आमच्या अकरातल्या चौघांनी पहिल्यांदा नीट बघितली. त्या चौघांत मी पण होते, लपवत नाही.

मामा मात्र हसून हसून बेजार. "ताई, हाई शिंदी देखाले तुम्हीन इतला दूरथीन उनात?" म्हटलं हो. तर म्हणे, पुढल्या मंगळवारी जेसीबी येतोय, नाला खोल करायचा आहे, या सगळ्या काढणार. मी म्हटलं का हो? "काटा लागतस बैलले. आनी फळ चिमण्या खातस, आमले काय कामना?" खरं आहे, शिंदीच्या पानाच्या बुडाचा काटा लागला की माणूस आठवडाभर नाव काढतो, आणि खजुराच्या या बहिणीच्या फळात गर कमी, बी जास्त. काय उत्तर देणार. आणि त्यावर मामा हळूच विचारतात, नवीन गेट केलंय, तिथे लावायला "तो कोल्हानी शेपटीवाला पाम मियी का?"

फॉक्सटेल पाहिजे मामांना! मग मी पण खान्देशी आहे, सौदा केला. माझ्या गच्चीवर बियांपासून केलेली फॉक्सटेलची चार रोपं आहेत, त्यातली दोन गेटसाठी देते, बदल्यात दोन शिंदी ठेवायच्या. पण कुठल्याही दोन नाही. शिंदीत नर वेगळा, मादी वेगळी, दोन्ही नर ठेवले तर सुगरणीला घर मिळेल पण फळ एक धरणार नाही. मग अर्धा तास आम्ही मान वर करून पोय, म्हणजे फुलोरा, शोधत फिरलो. नशीब फेब्रुवारी होता. एका झाडाची पोय उकलली होती, भाऊंनी काठीने हलवली तर पांढरट पीठ सगळं माझ्या साडीवर, हा नर. मादी ठरवायला वेळ लागला, शेवटी बुडाशी पडलेल्या गेल्या वर्षीच्या वाळक्या बिया बघून वाकलेली जुनी शिंदी पक्की केली. मामांनी दोघींना, म्हणजे दोघांना, ठिबकच्या जुन्या नळीचा तुकडा बांधला, खूण म्हणून.

काल फोन केला. मामा म्हणे ते ध्यानात आहे हो, पण जेसीबीवाला पोरगा परगावचा आहे, त्याला नळी-बिळी काय समजणार.

मंगळवारची रजा टाकली आहे. रोपं डिकीत आडवी बसतात का ते आज रात्री बघते.