व्हीएमला ड्रायव्हरचे बग नसतात म्हणे!

इन्फ्रा आणि सपोर्टवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला बरेच दिवस फिरतोय, शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण माल तोच. "व्हर्च्युअल मशीनमधलं हार्डवेअर खोटं असतं, त्यामुळे गेस्टमध्ये ड्रायव्हरचा बग वगैरे काही नसतं. रीबूटनंतर नेटवर्क किंवा डिस्क गायब झाली तर परत रीबूट मारा, रीबूटने सगळं शून्यावर येतं. मायक्रोसॉफ्टनेच १५ वेळा करा म्हणून सांगितलेलं. तरी नाही झालं तर दोष होस्टचा, तुम्ही स्नॅपशॉटवर परत जा आणि कर्नल अपडेट कायमचं बंद करून टाका." खाली अंगठ्यांची रांग. (नवख्यांसाठी: खऱ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे होस्टवर, सॉफ्टवेअरने उभं केलेलं मशीन ते व्हर्च्युअल मशीन किंवा व्हीएम, आत चालणारी सिस्टम ती गेस्ट, सिस्टमचा गाभा तो कर्नल, त्याला हार्डवेअरशी बोलायला लावणारा कोड तो ड्रायव्हर, आणि मशीनची जपून ठेवलेली जुनी अवस्था तो स्नॅपशॉट.)

पूर्ण खोटं असतं तर कुणी ऐकलं नसतं. थोडं थोडं खरं आहे म्हणूनच चालतंय, त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बघू.

"हार्डवेअर खोटं, म्हणून ड्रायव्हर बग नाही."

हार्डवेअर खोटं असेल, ड्रायव्हर खरा आहे ना! लिनक्स गेस्टमधली व्हर्टआयओची, म्हणजे खास व्हीएमसाठी बनवलेली, नेटवर्क कार्डं आणि डिस्क घ्या. रस्टी रसेलने हे प्रकरण सुरू केलं, २००८ च्या जानेवारीत आलेल्या २.६.२४ कर्नलमध्ये ते पहिल्यांदा आलं. कल्पना साधी आहे, गेस्टच्या मेमरीत एक रिंग ठेवायची, ड्रायव्हरने त्यात बफर टाकायचे, पलीकडे क्यूएमूने, म्हणजे होस्टवर व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामने, ते उचलायचे. म्हणजे दोन वेगळे प्रोग्राम, वेगळ्या लोकांनी लिहिलेले, वेगळ्या व्हर्जनचे, एकाच मेमरीवर काम करतायत. बगला अजून काय लागतं?

ह्या दोघांची ओळख कशी होते तेही बघण्यासारखं आहे. ड्रायव्हर एका स्टेटस रजिस्टरमध्ये एकेक बिट लावत जातो: डिव्हाइस दिसलं म्हणून १, चालवता येईल म्हणून २, फीचर्स ठरले म्हणून ८, आणि सगळं तयार झालं की ४. बेरीज १५. आपल्या गेस्टमध्ये सिसएफएसच्या (कर्नल आपली माहिती फाइलींसारखी दाखवतो ती जागा) व्हर्टआयओ फोल्डरात प्रत्येक डिव्हाइसची स्टेटस नावाची फाइल असते, ती कॅट कमांडने उघडून बघा, तब्येत ठीक असेल तर भल्यामोठ्या शून्यांच्या शेवटी हेक्समधला एफ दिसेल, म्हणजे तेच १५. जुन्या लेगसी पद्धतीच्या डिव्हाइसला ७ दिसतो कारण तिथे ८ वालं बिटच नाही. आणि १२८ लागलेलं दिसलं तर ड्रायव्हरने स्वतःच हात वर केलेत. ६४ असेल तर डिव्हाइस म्हणतंय मला रीसेट करा. नेटवर्क गेलं म्हणून ओरडायच्या आधी ही एक फाइल बघायला दहा सेकंद लागत नाहीत, पण बघतं कोण.

"रीबूटने सगळं शून्यावर येतं."

खरी गंमत इथेच आहे, आणि नुकसानही सगळ्यात जास्त ह्याच वाक्याने होतं. रीबूट म्हणजे नक्की कुठला रीबूट? गेस्टच्या आत बसून रीबूट केलं तर बाहेर क्यूएमूची प्रोसेस मरतच नाही. तोच पीआयडी, तेच व्हर्जन, सुरू करताना दिलेली तीच कमांड लाइन, फक्त आतल्या डिव्हाइसना रीसेट मिळतो. भाडेकरू बदलला पण घरमालक तोच आणि भिंतीतले खिळेही तेच. लिबव्हर्टमध्ये (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) तुम्ही मशीनच्या सेटिंगची एक्सएमएल फाइल एडिट करून डिस्कचा प्रकार बदलला आणि आतून रीबूट मारला तर काहीच बदलत नाही, त्यासाठी मशीन पूर्ण बंद करून परत स्टार्ट करावं लागतं. होस्टवर क्यूएमू अपग्रेड केलं तरी तेच, चालू गेस्ट महिनोन्महिने जुन्याच क्यूएमूवर असतो, मध्ये कितीही रीबूट होऊ देत. मग एक दिवस कुणीतरी शटडाउन करून स्टार्ट करतं, गेस्टला एकदम नवीन मशीन दिसतं, आणि ज्याने शटडाउन केलं त्याच्या नावाने बिल फाटतं.

ह्याचं गाजलेलं उदाहरण क्यूएमू ५.२ चं आहे. त्यात एसीपीआय टेबलातला, म्हणजे गेस्टला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या तक्त्यातला, एक यूआयडी (ओळख क्रमांक) बदलला, बास तेवढंच, पण विंडोज गेस्टना वाटलं नेटवर्क कार्डच नवीन आहे, आणि जुन्या कार्डावर टाकलेला स्टॅटिक आयपी गेला. प्रॉक्समॉक्स ह्या व्हीएम प्लॅटफॉर्मवाल्यांना मग विंडोज गेस्टचं मशीन व्हर्जन ५.१ वर बांधून ठेवायची सोय करावी लागली. आता सांगा, तिथे आतून १५ काय, १५० रीबूट मारले तरी तो आयपी परत आला असता का?

दुसरं टोक म्हणजे केएक्सेक. ह्यात फर्मवेअर मध्ये येतच नाही, जुना कर्नल थेट नव्या कर्नलवर उडी मारतो, क्रॅश डंप घेणारा केडंप ह्यावरच चालतो आणि वेळ वाचवायला काही जण रोजचा रीबूटही असाच करतात. इथे डिव्हाइसला कुणी सांगितलंच नाही की मालक बदलला, तर ते जुन्या कर्नलने दिलेल्या पत्त्यावर लिहीत बसू शकतं, आणि तो पत्ता आता नव्या कर्नलचा असतो. केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम चालवण्याची सोय) गेस्टच्या कोडमध्ये ह्याची सरळ कबुली आहे, केएक्सेकच्या आधी पीव्ही ईओआय नावाची इंटरप्टची सोय बंद करा, कारण तिच्या एमएसआरमध्ये (प्रोसेसरच्या एका रजिस्टरमध्ये) जुन्या कर्नलच्या मेमरीतला पॉइंटर पडून असतो. केव्हीएम क्लॉकलाही तसंच बंद करावं लागतं, नाहीतर होस्ट बिचारा इमानाने जुन्या पानावर वेळ लिहीत राहणार. व्हर्टआयओच्या मूळ कोडमध्येही नवीन डिव्हाइस नोंदवताना पहिलं काम रीसेट हेच आहे आणि वर कॉमेंट अशी की आधीच्या ड्रायव्हरने घाण करून ठेवली असेल म्हणून, शिवाय ह्या निमित्ताने रीसेटचा कोडही थोडा तपासला जातो. लिहिणाऱ्याला अनुभव होता हे कळतं.

पण तेवढंही पुरलं नाही. २०२५ मध्ये कर्नलात एक दुरुस्ती आली. केएक्सेक करताना व्हीएम लटकायचं, आणि क्यूएमू चुकीच्या पत्त्यावर वाचन होतंय म्हणून तक्रार करायचं. खणत गेल्यावर निघाला व्हर्टआयओ-कन्सोल, म्हणजे खालचं पीसीआय डिव्हाइस रीसेट झालं तरी वरचा कन्सोल ड्रायव्हर आपला लिहीतच होता. कन्सोल वापरात नसेल तर केएक्सेक मस्त चालायचं, त्यामुळे ज्याला त्रास झाला त्यालाच झाला. उपाय असा केला की शटडाउनच्या वेळी व्हर्टआयओची सगळी डिव्हाइस आधी ब्रोकन म्हणून खूण करायची आणि मग रीसेट करायची. त्यावर कडी म्हणजे ह्या दुरुस्तीनंतर व्हर्टआयओ-जीपीयूला स्वतःचं शटडाउन वेगळं लिहावं लागलं, कारण डिव्हाइस पायाखालून निघून गेलंय हे ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला कुणीतरी सांगायला हवं. खोट्या हार्डवेअरची ही कथा, १७ वर्षं जुन्या ड्रायव्हर फ्रेमवर्कमधली.

पासथ्रू, म्हणजे होस्टचं खरं कार्ड थेट गेस्टला देणं, वापरत असाल तर हार्डवेअर खोटंही नाही. एएमडीची पोलारिस, व्हेगा, नावी पिढीतली बरीच ग्राफिक्स कार्डं गेस्टला दिली की पहिल्यांदा सुरळीत चालायची आणि गेस्ट रीबूट झाला की मेली, कारण कार्डाला नीट रीसेट होताच येत नव्हतं, मग अख्खा होस्ट रीबूट करा. त्यासाठी लोकांनी व्हेंडर-रीसेट नावाचं वेगळं मॉड्यूल लिहिलं. म्हणजे इथे रीबूट हे औषध नसून आजारच रीबूटने होतो.

"मायक्रोसॉफ्टने १५ वेळा सांगितलं होतं."

सांगितलं होतं, पण कशासाठी ते फॉरवर्ड करताना गळलं. १९ जुलै २०२४, क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या अपडेटने विंडोज मशीन पाडली तो दिवस. आपल्याकडे सकाळी ९:३९ ला ती खराब चॅनल फाइल २९१ सुटली आणि १०:५७ ला मागे घेतली, तेवढ्यात जगभरात ८५ लाख विंडोज मशीन आडवी, आणि हैदराबादच्या विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. कारण इतकं साधं की चीड यावी, फाइलच्या बाजूने २१ इनपुट गृहीत आणि इनपुट पुरवणारा कोड २० च द्यायचा, ड्रायव्हर २१ वं वाचायला गेला तो मेमरीबाहेर, आणि तेही कर्नलमध्ये. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर क्लाउडने तेव्हा कळवलं की काही ग्राहकांना बरेच रीबूट करून, अगदी १५ पर्यंत, मशीन परत मिळालं.

ते का चाललं? कारण प्रत्येक बूटला शर्यत होती. नेटवर्क आधी वर आलं आणि क्राउडस्ट्राइकच्या एजंटने दुरुस्त फाइल खाली ओढली तर जिंकलात, ड्रायव्हरने जुनी फाइल आधी वाचली तर निळा पडदा. म्हणजे दुरुस्ती दुसऱ्याने करून सर्व्हरवर ठेवली होती आणि रीबूट ही फक्त लॉटरीची तिकिटं होती. तुमच्या व्हर्टआयओ-नेटचा फिक्स कुठल्या सर्व्हरवरून आपोआप येणार आहे? आणि नेटवर्कच गेलं असेल तर येणार कसा? ज्यांना तिकिटं लागली नाहीत त्यांनी ओएस डिस्क काढून दुसऱ्या व्हीएमला जोडली, ती फाइल उडवली आणि डिस्क परत लावली, हा मार्गही मायक्रोसॉफ्टनेच दिला होता. फॉरवर्डमध्ये नेमका तोच नाही.

एक मात्र आहे. चार-पाच रीबूटमधून एकदाच बिघडतं असं दिसलं तर ती माहिती कामाची आहे, वेळेची शर्यत किंवा डिव्हाइस सापडण्याचा क्रम हा संशय लगेच वर येतो. चाललं की विसरून जायचं, हा तिचा उपयोग नाही.

"नाही झालं तर दोष होस्टचा."

कधी कधी असतो. पण ढकलून द्यायच्या आधी इनिटरामएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारे ड्रायव्हर असलेली छोटी इमेज) उघडून बघा. फेडोरा, रेड हॅटवर ड्रॅकट हा प्रोग्राम ती इमेज होस्ट-ओन्ली पद्धतीने बनवतो, म्हणजे बनवताना जे हार्डवेअर समोर होतं तेवढ्याचेच ड्रायव्हर आत. मशीन खऱ्या सर्व्हरवर किंवा दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर बसवलं, नंतर कुणीतरी हुशारी करून ते क्यूएमूवर आणलं आणि डिस्क व्हर्टआयओ केली, तर पुढच्या स्टार्टला ड्रॅकट टाइमआउट मोजत बसू शकतो आणि शेवटी इमर्जन्सी शेलमध्ये सोडतो. होस्टने डिस्क दिलीय, गेस्टकडे ती बघायला डोळे नाहीत. विंडोजमध्ये हाच प्रकार ०x७बी ह्या नावाने निळ्या पडद्यावर येतो. तिथली जुनी युक्ती अजून चालते, आधी एक छोटी फालतू व्हर्टआयओ डिस्क जोडा, विंडोजला तिचा ड्रायव्हर घेऊ द्या, मग बूट डिस्क बदला.

ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडच्या नायट्रो मशीनवरही हेच, जुन्या झेन मशीनवरून तिकडे जाताना एनव्हीएमई (डिस्कचा) आणि ईएनए (नेटवर्कचा) हे दोन ड्रायव्हर आधीच आत हवेत. शिवाय तिथे डिस्कची नावं ड्रायव्हरला ज्या क्रमाने सापडतील तशी पडतात, रीबूटनंतर क्रम बदलला की काल एक नंबरची होती ती आज दोन नंबर. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे लावायची ती यादी) नावाऐवजी यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) आणि नोफेल (डिस्क नसली तरी बूट अडू नये म्हणून) लिहा की मिटलं, ड्रायव्हरचाही दोष नाही आणि होस्टचाही नाही.

आणि खरंच कुणाचा दोष ते बघायचं असेल तर रीबूटपेक्षा सरळ उपाय आहे. सिसएफएसमधूनच त्या एका डिव्हाइसला ड्रायव्हरपासून अनबाइंड करा आणि परत बाइंड करा (सिरियल कन्सोलवरून हां, त्याच नेटवर्क कार्डावरच्या एसएसएचमधून नको). ड्रायव्हरची सुरुवात पहिल्यापासून होते, बाकी मशीन चालूच. बरं झालं तर गडबड त्या रिंगपुरती होती. नाही झालं तर होस्टवर लिबव्हर्टच्या क्यूएमू फोल्डरात त्या गेस्टच्या नावाची लॉग फाइल असते ती बघा, क्यूएमूला रिंगमध्ये काही विचित्र दिसलं तर ते तिथे लिहून डिव्हाइस बाजूला टाकतं आणि रीसेट होईपर्यंत बोलत नाही. त्या फाइलमध्ये ओळ असताना गेस्टवाला आणि होस्टवाला दोन-दोन दिवस एकमेकांवर तिकीट टोलवत बसतात.

"स्नॅपशॉटवर परत जा, कर्नल अपडेट बंद करा."

मेमरीसकट घेतलेला स्नॅपशॉट असेल तर परत जाताना बूट होतच नाही, मशीन चालू अवस्थेतच उठतं, त्यामुळे बूटला येणारा बग तिथे दिसणारच नाही आणि तुम्हाला वाटणार गेला. डिस्कचा स्नॅपशॉट असेल तर बिघडलेल्या बूटचे लॉगही त्याच डिस्कवर होते, गेले ते पण. आधी त्या डिस्कची कॉपी काढा, मग काय ते मागे जा. जर्नल (सिस्टमचा लॉग) कायमस्वरूपी ठेवायचं असेल तर व्हार-लॉगखाली जर्नल नावाचं फोल्डर असलं की सहसा काम होतं, मग मागच्या बूटचे कर्नल मेसेज निवांत वाचता येतात.

कर्नल गोठवणं तर उलटंच, कारण वर सांगितलेल्या केएक्सेक आणि कन्सोलसारख्या दुरुस्त्या नव्या कर्नलमधूनच आल्यात. खटकणारं एक व्हर्जन तेवढं टाळा, ग्रबमध्ये (बूटच्या मेनूत) आधीचा कर्नल डिफॉल्ट करा, ठीक आहे. पण मग बग शोधा पण, आणि ह्या बाबतीत व्हीएमवाले नशीबवान आहेत. खऱ्या लॅपटॉपवर गिट बायसेक्ट (कोडमधले बदल, म्हणजे कमिट, दर वेळी निम्मे करत बिघडवणारा शोधणं) म्हणजे शिक्षा, इथे क्यूएमूला कर्नल इमेज थेट देता येते, इन्स्टॉल करायचीही गरज नाही, आणि रीबूट झाला की क्यूएमू बंद होईल असा नो-रीबूट पर्याय दिला तर स्क्रिप्टच ठरवेल पास का नापास. दोन व्हर्जनमध्ये १४ हजार कमिट असले तरी साधारण १४ पायऱ्यांत गुन्हेगार कमिट हातात येतो, रात्री लावून झोपलात तरी चालेल.

मेंटेनरला कळवताना दोन्ही कर्नल व्हर्जन, क्यूएमूचं व्हर्जन, मशीन टाइप, ती स्टेटस फाइल, सिरियल कन्सोलचा पूर्ण लॉग आणि सगळ्यात वर ठळक, रीबूट आतून केला होता, पूर्ण बंद करून चालू केलं होतं, का केएक्सेक.