पडद्यापुढचे मूल

लहान मुलांना इंग्रजी शिकवण्यासाठी टॅबलेट वापरावा की नाही, हा आपल्याकडचा वाद मी इथे वेल्समधल्या कार्डिफमध्ये वाचते आणि दर वेळी वैतागते. एक पक्ष म्हणतो, पडद्याने मुले बिघडतील. दुसऱ्याला खात्री असते की गोष्टींचे व्हिडिओ दाखवले की इंग्रजी आपोआप येईल. मुलाने नुसते बघत बसायचे, हे मात्र दोघांनीही गृहीत धरलेले असते.

डिजिटल स्टोरीटेलिंगची कल्पना याच्या नेमकी उलट आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात ज्यो लॅम्बर्ट आणि डेना अ‍ॅचली यांनी ती रुजवली, तेव्हा सामान्य माणसाने स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या छायाचित्रांसह दोन-तीन मिनिटांची गोष्ट सांगावी, हा हेतू होता. बीबीसीने २००१ मध्ये ‘कॅप्चर वेल्स’ या प्रकल्पातून ती इथे आणली आणि इंग्रजीबरोबर वेल्शमध्येही गोष्टी तयार झाल्या.

मी प्राथमिक शाळेत, या देशात नव्याने आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवते. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी कोपऱ्यात जाऊन टॅबलेटशी कुजबुजते. स्वतः काढलेल्या चार चित्रांना एकेक वाक्य. ‘द डॉग गो होम’ हे स्वतःच्याच आवाजात ऐकून ती थबकते, पुसते आणि ‘गोज’ म्हणून पुन्हा बोलते. एरवी कंटाळवाणी वाटणारी उजळणी ती अशी आपणहून करते. अर्थात गोष्ट आधी कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी संगीत आणि स्टिकर उघडू देत नाही, नाहीतर सगळा तास सजावटीतच जातो.

‘आमच्या भरलेल्या वर्गांत हे जमणार नाही,’ असे आपल्याकडचे उत्तर तयारच असते. एका फोनवर सहा मुले मिळून एक गोष्ट करू शकतात आणि प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५ पासून मुक्त परवान्याची, म्हणजे कुणालाही वापरता येतील अशी चित्रेही आहेत. माझ्या वर्गात मदतनीस असते, हे मात्र मी वादात सांगत नाही. महाराष्ट्राने २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी आणले, तर वेल्श माध्यमाच्या शाळांत ते साधारण सातव्या वर्षी सुरू होते, हेही मी ठासून सांगते. इथे इंग्रजी रस्त्यावरच कानी पडते, हे सोयीस्कर वगळते.

मुलांना मी ‘तुमचाच आवाज हवा’ असे बजावते, पण नमुन्याची गोष्ट ऐकवते ती सहकारी शिक्षिकेच्या आवाजातली. माझे उच्चार इथे अजून परके वाटतात, आणि सुट्टीत घरी गेले की माझी मराठीही बदलली, असे सगळे म्हणतात.