भोपळ्याच्या बिअरला एक तारा: टॅपरूमच्या मालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचं परीक्षण मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रात्री टॅपरूम (आमची बिअर नळावरून ग्लासात देतो ती जागा) बंद केल्यावर वाचलं, तेव्हा डोकं तापलं. दुसऱ्यांदा सकाळी चहासोबत वाचलं, तेव्हा जाणवलं की यातलं निम्मं तरी खरं आहे. तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. शिकागोच्या आसपासच्या ज्या मराठी मंडळींनी ते वाचलं असेल, त्यांनाही आमची बाजू कळू दे. आमच्या ब्रुअरला, म्हणजे बिअर बनवणाऱ्याला, मी तुमचे शब्द इंग्रजीत करून सांगितले. ‘दालचिनीचा काढा’ ऐकून तो म्हणाला, नाव झकास आहे, पुढच्या वर्षी पाटीवर हेच लिहू.

बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात अशी: ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, भर उन्हात, तुम्ही पुण्याहून आलेल्या वडिलांना घेऊन आमच्याकडे आलात आणि पम्पकिन एल, म्हणजे आमची भोपळ्याची बिअर, मागवलीत. ग्लासच्या कडेला न विचारता दालचिनी-साखर फासलेली होती. बिअरला भोपळ्याची चव नव्हती. एका ग्लासात वडिलांचं डोकं जड झालं. नऊ डॉलर गेले. ‘भोपळा पाटीवर आहे, ग्लासात नाही, ही सरळसरळ फसवणूक’ असा तुमचा निकाल.

आधी आमच्या चुका. साखरेची कड विचारूनच लावायला हवी होती. काही गिऱ्हाइकं ती हौसेने मागतात म्हणून आमची पोरं सरसकट लावत सुटली होती. ते आता बंद केलंय. दुसरी चूक त्याहून मोठी. या बिअरमध्ये अल्कोहोल 7.8 टक्के आहे आणि फळ्यावर तो आकडा लिहिलेलाच नव्हता. साधी लागर बिअर 5 टक्क्यांच्या आसपास असते. उन्हातून आलेल्या वयस्कर पाहुण्यासमोर हिचा भरलेला पाइंट (जवळपास अर्धा लिटर) ठेवणं हा शुद्ध गाढवपणा होता. आता फळ्यावर आकडा आहे आणि ही बिअर फक्त 300 मिलिलिटरच्या ग्लासात मिळते. काकांची मी मनापासून माफी मागतो.

फसवणुकीचं मात्र मला मान्य नाही. आमच्या एका खेपेत साधारण 800 लिटर बिअर होते आणि तिच्यात 70 किलो भोपळ्याचा गर पडतो. डबे मीच उघडतो, त्यामुळे हा आकडा माझ्या मनगटांना पाठ आहे. गर ओव्हनमध्ये कडा तपकिरी होईपर्यंत भाजायचा आणि माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेलं जव, बिअरचा मुख्य कच्चा माल) गरम पाण्यात घालायचा. ते मिश्रण इतकं चिकट होतं की पाणी खाली झिरपत नाही, म्हणून त्यात भाताचा तूस मिसळावा लागतो. एवढी उस्तवार केल्यावर भोपळा काय देतो? थोडा रंग, जिभेवर थोडा जाडपणा, आणि फार लक्ष देऊन प्यायलं तर मागे रेंगाळणारी मातकट गोडी. भोपळ्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. जी काही साखर निघते तिच्यातली बहुतेक यीस्ट खाऊन टाकतं.

हा शोध आमचा नाही. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या हेवर्ड गावात बिल ओवेन्स नावाच्या ब्रुअरने, जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळात भोपळ्याची बिअर करत असत असं वाचून, स्वतः भला मोठा भोपळा पिकवला, भाजला आणि बिअरमध्ये घातला. चाखून पाहिली तर भोपळ्याचा मागमूस नाही. बिचाऱ्याचा भ्रमाचा भोपळा तिथेच फुटला. मग तो दुकानात जाऊन पम्पकिन पायचा (भोपळ्याचं गोड सारण भरून भाजतात तो अमेरिकन पदार्थ) तयार मसाला घेऊन आला आणि त्याचा अर्क त्याने बिअरमध्ये ओतला. आज अमेरिकेत जिला पम्पकिन बिअर म्हणतात ती तिथून सुरू झाली. अमेरिकन माणसाच्या डोक्यात ‘भोपळ्याची चव’ म्हणजे त्या पायची चव: दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ. बिअरवाले तीच चव विकतात. आम्हीही तीच विकतो.

त्याआधीची भोपळ्याची बिअर निराळीच होती. वसाहतींच्या काळात इथे चांगलं माल्ट मिळायची मारामार, भोपळे मात्र मुबलक. 1771 सालची एक कृती उपलब्ध आहे. तीत भोपळे कुटून, सफरचंदासारखे दाबून रस काढायचा, तो उकळायचा आणि मग त्यात हॉप्स (बिअरला कडसरपणा देणारी फुलं) घालायची, असं सांगितलंय. माल्ट नाही, मसालाही नाही. नाइलाजाची बिअर. चांगलं माल्ट सहज मिळू लागल्यावर लोकांनी ती टाकून दिली, यात नवल नाही. ‘खरी’ भोपळ्याची बिअर हवी असेल तर ती ही, आणि ती तुम्हाला याहून कमी आवडली असती असं मी पैजेवर सांगतो.

डबाबंद गर वापरता म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, त्यावरही दोन शब्द. इथून अडीच-तीन तासांवर, पिओरियाजवळ मॉर्टन नावाचं गाव आहे. अमेरिकेतला डबाबंद भोपळा प्रामुख्याने त्याच परिसरात पिकतो आणि तिथल्याच कारखान्यात डब्यात जातो. त्याची जात डिकिन्सन. दिसायला फिकट, लांबट, हॅलोविनच्या चित्रात अजिबात न शोभणारी. पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती आपल्या मंडईतल्या लाल भोपळ्याची सख्खी बहीण आहे. दारात कोरून ठेवतात तो केशरी भोपळा वेगळ्या प्रजातीचा, पाणचट आणि तंतूंचा. एका वर्षी हौसेने तो वापरला होता. त्या खेपेबद्दल न बोललेलं बरं.

आता तुमच्याच परीक्षणातलं एक वाक्य. तुम्ही ते चेष्टेने लिहिलंय असं दिसतं: ‘बाबा तर म्हणाले, घारग्यांचा वास येतोय.’ अहो, गेल्या सहा वर्षांत या बिअरला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी आहे! घारग्यात तरी भोपळ्याची चव कुठे लागते? लागतो तो गूळ, लागतं ते जायफळ. भोपळा कणकेला मऊपणा देतो, रंग देतो आणि गप्प बसतो. म्हणून कुणी आईला ‘तू फसवलंस’ म्हणत नाही. आमच्या बिअरमध्ये ब्राऊन शुगर पडते, आणि जायफळ मी दालचिनीपेक्षा जरा वरचढ ठेवतो. ते माझ्या लहानपणाच्या घारग्यांमुळेच, हे मी आजवर ब्रुअरलाही सांगितलेलं नाही. काकांनी एका घोटात ओळखलं.

राहिला ऑगस्ट. इथे मी निरुत्तर आहे. मोठ्या कंपन्यांची पम्पकिन बिअर जुलै-ऑगस्टमध्येच दुकानांत येते, कारण थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरच्या शेवटी येणारा अमेरिकन सण) उलटलं की तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. 2015 च्या मोसमात देशभर ती इतकी बनली की नाताळ आला तरी दुकानांत पडून होती. सगळ्यांनाच लवकर विकून मोकळं व्हायची घाई असते. पण ही झाली कॅन विकणाऱ्यांची अडचण. माझे नळ माझ्या हातात आहेत, माझ्यावर कुणा वितरकाचा दट्ट्या नाही. मी लवकर लावली ती निव्वळ भीतीपोटी. रस्त्यापलीकडच्या दुकानात ती दिसते आणि माझ्याकडे नाही, ही भीती. ऑगस्टला लावायची तर बनवायची जुलैत, म्हणजे इलिनॉयच्या शेतात भोपळा वेलीवर कोवळा असताना. गर अर्थातच गेल्या वर्षीचा.

आणि चवीचंही तसंच. कोजागिरीचं मसाला दूध वैशाखात दुपारी दोन वाजता कुणी हातात दिलं तर आपण काय म्हणू? तेच दूध, तेच जायफळ, तेच केशर, पण गच्ची नाही, गारवा नाही, चंद्र नाही. ही बिअर ऑक्टोबरची आहे. संध्याकाळी साडेपाचला उन्हं कलतात, मेपलची पानं पार्किंगमध्ये उडत असतात, लोक शेतावरून मुलांना फिरवून, बुटाला चिखल लावून येतात, कुणीतरी पहिल्यांदाच स्वेटर काढलेला असतो आणि त्याला कपाटाचा वास येत असतो. तेव्हा हा ग्लास हातात घेतला की त्यातला मसाला काढ्यासारखा लागत नाही. निदान मला लागत नाही. तुम्हाला तेव्हाही नाही आवडली, तर तो तुमचा हक्क आहे आणि एक तारा राहू द्या.

तर पुढच्या वर्षीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारच्या आधी हिचा नळ उघडणार नाही. पाटीवर ‘पम्पकिन स्पाइस एल’ असं लिहीन, म्हणजे मसाल्याची कल्पना आधीच येईल. ऑक्टोबरमध्ये ताज्या भोपळ्याची एक छोटी खेपही करून बघणार आहोत. तिला भोपळ्याची चव जास्त येईल असं मात्र मी म्हणणार नाही.

नऊ डॉलर परत न्यायला कधीही या. बिल नसलं तरी चालेल, काउंटरवर या परीक्षणाचा उल्लेख करा. काका ऑक्टोबरअखेरपर्यंत इथे असतील तर त्यांनाही आणा. त्यांच्यासाठी चाखण्यापुरता लहान ग्लास, कड कोरडी, आणि सोबत खायला काहीतरी. घारगे आमच्या मेन्यूवर नाहीत, पण येण्याआधी एक दिवस कळवलंत तर आमच्या घरून डबा येईल.