क्यूए पास झालं, पण डोस कोण बघतंय?

सीटीच्या खोलीबाहेर परमाणु ऊर्जा नियामक मंडळाचा परवाना फ्रेम करून लावलेला असतो आणि फाईलमध्ये दर दोन वर्षांनी होणाऱ्या क्यूएचा, म्हणजे मशीनच्या गुणवत्ता तपासणीचा, रिपोर्ट असतो. सगळ्या रकान्यांत 'पास'. व्यवस्थापनाच्या लेखी फिजिक्सचा विषय तिथे संपतो. माझं म्हणणं असं, की रेडिओलॉजीतल्या मेडिकल फिजिसिस्टचं (मशीन आणि किरणांचा डोस यांचा हिशोब बघणाऱ्या तज्ज्ञाचं) खरं काम तो रिपोर्ट फाईलला लागल्यावर सुरू होतं, आणि आपल्याकडच्या बहुतेक हॉस्पिटलांत ते काम कुणाच्याच नावावर नाही.

क्यूएला कमी लेखत नाहीये. पॅनेलवर ८० केव्हीपी (एक्स-रे नळीचा व्होल्टेज, किलोव्होल्टमध्ये) लावलं तर नळीवर खरंच ८० येतंय का (±५ चालतं), किरणांची जागा दाखवणाऱ्या दिव्याचं क्षेत्र आणि एक्स-रेचं क्षेत्र जुळतंय का (१०० सेंमी अंतरावर फरक २ सेंमीच्या आत हवा), गळती १ मीटरवर तासाला १ मिलिग्रेच्या आत आहे का, हे मोजायलाच हवं. पण आकडे पास-नापासच्या पलीकडे वाचायचे असतात, मागचा रिपोर्ट शेजारी ठेवून. त्याच सेटिंगला आउटपुट (नळीतून निघणारे किरण) घटलं आणि एचव्हीएल (किरण निम्मे करायला लागणारी ॲल्युमिनियमची जाडी) वाढली, तर नळी थकत चालली आहे: ॲनोड (नळीतली किरण निघतात ती तबकडी) खडबडीत झालाय किंवा काचेवर आतून टंगस्टनचा थर बसलाय. दोन्ही घटले, तर आधी केव्हीपी तपासा. आउटपुट वाढलं आणि एचव्हीएल घटली, तर दुरुस्तीनंतर कॉलिमेटरमधली (किरणांचं क्षेत्र आखणाऱ्या भागातली), कमजोर किरण गाळणारी ॲल्युमिनियमची पट्टी परत बसवायची राहिली असण्याची शक्यता दाट. नुसत्या 'पास'च्या शिक्क्यातून यातलं काहीच कळत नाही.

आणि मशीन ठणठणीत असलं, तरी पेशंटला किती डोस जाईल हे ठरतं प्रोटोकॉलवर, म्हणजे त्या तपासणीसाठी मशीनमध्ये भरून ठेवलेल्या सेटिंग्जवर. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलचं प्रकरण २००९मध्ये बाहेर आलं. स्ट्रोकच्या संशयावरून केलेल्या सीटी परफ्युजनमध्ये (मेंदूतला रक्तप्रवाह बघणाऱ्या स्कॅनमध्ये) २०६ पेशंटना ठरल्याच्या सुमारे आठपट डोस गेला, तोही तब्बल दीड वर्ष. मशीन बिघडलं नव्हतं. प्रोटोकॉलमध्ये चुकीची सेटिंग बसली होती. उलगडा झाला तो एका पेशंटने केस गळाल्याची तक्रार केल्यावर. सीटीचा कन्सोल प्रत्येक स्कॅनला सीटीडीआय, म्हणजे त्या स्कॅनच्या डोसचा आकडा, दाखवतो. तो आकडा वाचणारं कुणी नसेल, तर दाखवून उपयोग काय?

एवढा मोठा घोळ विरळाच. रोजचं नुकसान मुरतं ते डीआरमध्ये, म्हणजे डिजिटल एक्स-रेत. फिल्मच्या काळात एक्सपोजर जास्त झालं की फिल्म काळी व्हायची आणि टेक्निशियनला तिथल्या तिथे कळायचं. डीआरमध्ये दुप्पट दिलं तरी चित्र छानच दिसतं, उलट जास्त स्वच्छ. कमी दिलं तर दाणेदार येतं आणि रेडिओलॉजिस्टचा फोन येतो. मग एमएएस (नळीचा करंट गुणिले वेळ, म्हणजे किरणांचं प्रमाण) हळूहळू वर सरकतं. यात टेक्निशियनला दोष देण्यात अर्थ नाही. त्यासाठीच एक्सपोजर इंडेक्स (डिटेक्टरवर किती किरण पोचले) आणि डेव्हिएशन इंडेक्स (ते लक्ष्यापासून किती दूर) आहेत. डेव्हिएशन शून्य म्हणजे लक्ष्यावर, +१ म्हणजे २६ टक्के जास्त, +३ म्हणजे दुप्पट, –३ म्हणजे निम्मं. अडचण अशी, की लक्ष्य प्रत्येक अवयवासाठी वेगळं ठरवावं लागतं. मशीन बसवताना कंपनीने घातलेलं तेच वर्षानुवर्षं राहिलं, तर हिरवा दिवा लागला काय आणि लाल लागला काय, त्याला अर्थ नसतो. चुकीचा अवयव निवडून एक्सपोजर केलं तरी इंडेक्स फसवतो. १०० सेंमीसाठीची फोकस्ड ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) १८० सेंमीच्या चेस्टला वापरली की कडा फिक्या पडतात, आणि कुणीतरी 'कमी आलं' म्हणून एमएएस वाढवतं. आणखी एक: चित्र घेतल्यावर कॉम्प्युटरवर कडा कापणं म्हणजे कॉलिमेशन नव्हे. पेशंटला जे जायचं ते गेलेलं असतं.

सीटीत पहिली गोष्ट बघायची ती सेंटरिंग (पेशंट मशीनच्या बरोबर मध्यावर आहे का), आणि इथे फुकटात सुधारणा होते. टोपोग्रामच्या (स्कॅनआधीच्या आराखडा-चित्राच्या) वेळी नळी टेबलाखाली असेल आणि टेबल खाली राहिलं, तर पेशंट नळीच्या जवळ जातो, चित्रात मोठा दिसतो आणि ऑटोमॅटिक एमए त्याला जाड समजून करंट वाढवतो. टेबल जास्त वर गेलं तर उलट: करंट कमी, चित्रात नॉइज (दाणेदारपणा). शिवाय मध्यापासून सरकलेल्या पेशंटला बो-टाय फिल्टरचा (मध्ये पातळ, कडांना जाड अशा गाळणीचा) नेमका भाग मिळत नाही. लेझर डोळ्यांनी जुळवण्यात जे दोन-चार सेकंद जातात, त्यांच्याइतकं स्वस्त काही नाही.

दुसरी गोष्ट फेजची, म्हणजे कॉन्ट्रास्ट औषधाच्या आधी आणि नंतर एकाच भागाच्या घेतलेल्या वेगवेगळ्या स्कॅनची. पोटाच्या एका फेजला सीटीडीआय १० मिलिग्रे आणि लांबी ४५ सेंमी धरली, तर डीएलपी (सीटीडीआय गुणिले लांबी) ४५०, पोटासाठीच्या ०.०१५ने गुणलं की शरीराचा डोस सुमारे ७ मिलिसिव्हर्ट. प्लेन, आर्टेरियल, व्हीनस आणि डिलेड असे चारही फेज सरसकट घेतले की झाले २७. लिव्हरमधल्या गाठीसाठी ते लागतीलही. नुसतं 'पोटात दुखतंय' यासाठी प्रत्येकाला कशाला? निर्णय रेडिओलॉजिस्टचाच, पण हा हिशोब त्यांच्यापुढे ठेवणं फिजिसिस्टचं काम. स्लाइसचंही तसंच. जाडी निम्मी केली आणि नॉइज तेवढाच हवा असेल, तर डोस दुप्पट लागतो. त्यापेक्षा बारीक स्लाइसमध्ये स्कॅन करून वाचायला जाड स्लाइस बनवा.

लहान मुलांच्या बाबतीत कन्सोलचा आकडा सरळ घेऊ नका. शरीराचा सीटीडीआय साधारणपणे ३२ सेंमीच्या ॲक्रिलिक फँटमवर (शरीराऐवजी मोजणीसाठी वापरायच्या ठोकळ्यावर) सांगितलेला असतो. १५ सेंमी व्यासाच्या मुलासाठी त्याला सुमारे २.१ने गुणावं लागतं. काही मशीन मुलांसाठी १६ सेंमीचा फँटम धरतात, म्हणून दोन मशीनची तुलना करण्याआधी स्क्रीनवर फँटम कोणता लिहिलाय ते बघायचं. हे न बघता केलेली तुलना बिनकामाची.

सी-आर्मबद्दल (ऑपरेशनच्या वेळी वापरायच्या एक्स-रे मशीनबद्दल) थोडक्यात: नळी खाली, डिटेक्टर पेशंटला चिकटून, पल्स चालतील तितके कमी. नळी वर ठेवली की विखुरलेले किरण सर्जनच्या डोळ्यांकडे येतात. लेड एप्रन घडी घालून ठेवू नये, आतली शीट चिरते. आणि टीएलडी (कर्मचाऱ्याला गेलेला डोस मोजणारा बिल्ला) एप्रनच्या आत छातीवर लावायचा. खोलीतल्या खुंटीवर टांगलेल्या एप्रनला लावून घरी गेलात, तर तीन महिन्यांनी खुंटीचा डोस तुमच्या नावावर येईल. मग खुलासा लिहीत बसा.

हे सगळं करायला माणूस का नाही, याचं कारण सरळ आहे. रेडिओथेरपीला फिजिसिस्टशिवाय परवाना नाही, म्हणून ट्रॉम्बेला १९६२पासून चालत आलेला रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केलेली बहुतेक मंडळी कॅन्सर विभागात जातात. रेडिओलॉजीत आरएसओ (किरणसुरक्षा अधिकारी) म्हणून रेडिओलॉजिस्ट किंवा टेक्नॉलॉजिस्टही चालतो, त्यामुळे पद निघतच नाही. छोट्या हॉस्पिटलला पूर्णवेळ माणूस परवडणार नाही, हेही खरं. पण चार-पाच हॉस्पिटलांनी मिळून एक नेमायला काय हरकत आहे?

नेमलात तर पहिल्या महिन्यात त्याच्याकडून क्यूए करून घेऊ नका. प्रत्येक नेहमीच्या तपासणीचे साधारण ६० ते ७० किलो वजनाचे किमान २० पेशंट घ्यायला सांगा, डीएलपीचा मध्यक काढायला सांगा, आणि एकाच कामासाठी दोन मशीनमध्ये फरक का पडतो ते शोधायला सांगा. सोबत सीटीच्या प्रोटोकॉलचा पासवर्ड फिजिसिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि एक सीनियर टेक्निशियन, या तिघांपुरताच ठेवा; बदल केला की वहीत तारीख, जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि सही. सॉफ्टवेअर अपडेट करून कंपनीचा इंजिनिअर निघाला, की तो गेटबाहेर पडायच्या आत ती वही उघडून सगळे प्रोटोकॉल ताडून घ्यायचे.